वहीतल्या अकरा जखमा

बामचा वास आला की मला कुडव्याच्या आमच्या घरातली एक रविवारची सकाळ आठवते. रद्दीत टाकण्याआधी मी प्रत्येक वही उलटून पाहतो. त्या दिवशी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीच्या वहीत एका माणसाच्या हालांची सात पाने निघाली. बरगडी मोडलेली, अंगात ताप, जखमा मोजल्या तर अकरा, आणि तो कोणालाच काही सांगत नव्हता. कोणा मुलाला मारहाण होते आहे आणि ही त्यात गुंतली आहे, असेच मला वाटले. "या अकरा जखमा कोणाच्या?" मी विचारले, तर ती हसतच सुटली. "बाबा, तो मालिकेतला माझा आवडता हिरो आहे. मी त्याच्यावर गोष्टी लिहून राहिली." "आवडतो, तर त्याले इतका काऊन मारून राहिली?" मी म्हणालो. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "झाडीपट्टीच्या नाटकात हिरो आंधळा झाला, तेव्हा तिकीट काढून तुम्हीच रडले होते ना?" मुलगी म्हणाली, "धडधाकट माणसाला कोणी विचारत नाही न, बाबा. तो पडला की कोणीतरी जवळ बसते. मला तेच लिहायला आवडते." जीव भांड्यात पडला होता, त्या भरात मी बोलून गेलो की स्कूटरवरून पडल्याला एकोणीस दिवस झाले, खांदा अजून दुखतो. तिने वही मिटली, बामची डबी आणली आणि माझ्याजवळ बसत म्हणाली, "ही बारावी." आता काही दुखले की मी पहिल्याच दिवशी सांगतो.