वाफ्यात हात टेकायचा नाही

मी गाव सोडलं ते मेथीच्या गाठोड्यावर बसून. आमच्या मळ्यातली भाजी आर्वीच्या बाजारात नेणारा मालवाहू ऑटो पहाटे येतो. त्यातच माझी बॅग, माझी गादी आणि मी. बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मागे फुलकोबीची पोती, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या आणि त्यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षांची मी, नव्या ड्रेसला माती लागू नये म्हणून अंग चोरून बसलेली. माय रस्त्यापर्यंत आलीच नाही. पंपाला लाइन होती तेवढ्यात तिला वांग्यांना पाणी फिरवायचं होतं. अंधारातून नुसता तिचा आवाज आला, "पोचली का फोन करजो!" आर्वीला बाबांनी आधी भाजी उतरवली, मग मला. डेपोत वर्ध्याची बस लागल्यावर म्हणाले, "नाई जमलं तं येऊन जाजो. त्यात लाजायचं काई नाई." मला त्यांचा इतका राग आला! अजून गेलेही नाही आणि हे आतापासून येण्याचं बोलून राह्यले.

गेले तरी किती लांब, तर वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी पुण्यात आहे, कुणी दुबईत, तुम्ही हसाल. हसा. एसटीनं दोन तासही लागत नाहीत. पण सकाळी उठल्यावर आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी नसलं की ते ठिकाण लांबच असतं, मग नकाशात ते कुठेही असो. सेवाग्रामकडच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड रूममध्ये मला काम मिळालं होतं. दिवसभर फायली, स्कॅनर, "मॅडम, सिस्टीम स्लो आहे", आणि संध्याकाळी खोली. कोपऱ्यावरच्या गाडीवरून मी पहिल्यांदा मेथी विकत घेतली, तेव्हा ती मरगळलेली जुडी हातात धरून रस्त्यातच डोळे भरून आले. असली मेथी मायनं बकरीलाही घातली नसती. झोपेत मात्र मी रोज मळ्यातच असायची. वाफ्यातून पाणी सरकत यायचं, माझ्या पायाशी येऊन थांबायचं, आणि जाग आली की वर पंखा फिरत असायचा. कितीतरी वेळ कळायचं नाही की आपण नेमकं कुठे निजलो आहोत.

तीन महिने असे गेले. मग एका सकाळी दूध आणायला निघाले, तर वॉर्डातल्या सभागृहातून गाणं ऐकू आलं. जड, धप् धप् वाजणारं. खिडकीतून पाहिलं तर एक मुलगी जमिनीवर हात टेकवून पाय गोल गोल फिरवत होती. तिच्या अंगाला जसं काही वजनच नव्हतं. दूध राहिलं बाजूला. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ताई, अंदर आ जाओ ना. पाहून काय राह्यल्या?" ती रेणू. नागपूरची, एकवीस वर्षांची, कॉलेज करून सकाळी ब्रेकडान्स शिकवणारी. ती मला ताई म्हणते आणि मी तिला मॅडम. का आत गेले, हे मला आजही धड सांगता येणार नाही. आमच्या घरात लग्नाच्या वरातीपलीकडे कुणी नाचलेलं नाही, आणि वरातीतही मी पिशव्या सांभाळणारी.

पहिल्या आठवड्यात मी हवेत होते. उकिडवं बसून सरकायची एक कसरत असते, त्यात बाकीच्या मुलींच्या मांड्या थरथरायच्या आणि मी मजेत इकडून तिकडे. आयुष्यभर वाफ्यात बसून तण निंदलेली बाई मी, मला उकिडवं बसायचं काय कौतुक! रेणू ओरडायची, "देखो, ताईला देखो!" पण पुढची पायरी आली आणि माझं विमान खाली आलं. सिक्स स्टेप म्हणतात तिला. हातांवर भार घ्यायचा आणि सहा पावलांत पाय स्वतःभोवती फिरवून आणायचे. नवशिक्याचा पहिला धडा. निम्म्या वयाच्या मुलींना तो पंधरा दिवसांत आला. मला महिन्यात नाही, दोन महिन्यांत नाही, चार महिन्यांत नाही. तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप उचलला जायचा आणि मी धाडकन कुल्ल्यावर. "ताई, हात टेकवा! पूर्ण पंजा!" टेकवत होते की! निदान मला तसं वाटायचं. रेणूनं व्हिडिओ काढून दाखवला, तर माझी बोटं फरशीला नुसती शिवून परत येत होती, तवा तापला का पाहतो तशी.

तरी मी जात राहिले. कसं, ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजण नव्या जागी असलं काहीतरी शिकायला घेता आणि सोडून देता. रेणूचा एकच नियम होता, "रोज बस शूज घालून दारापर्यंत यायचं. मन नाही लागलं तर तिथून परत जा, मी काही बोलणार नाही." मी कितीदा तरी परत जायचं ठरवून गेले. दाराशी गेल्यावर गाणं चालू असायचं, सकाळचं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं, कुणीतरी म्हणायचं, "ताई आल्या!" आणि पाय आत जायचे. त्या गावात माझ्या येण्याची वाट पाहणारी ती एकच जागा होती. म्हणून तर सिक्स स्टेप न येणं मला इतकं लागायचं. हे सुटलं तर इथे माझं दुसरं काय होतं? फायली आणि पंखा.

पौषात रेणूनं सगळ्यांचा गोल केला. मधे एकेकीनं जायचं, जे येतं ते करायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझी पाळी आली. दोन पावलं झाली, तिसऱ्याला मी पडले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. टाळ्या थांबल्या नाहीत, हे त्याहून वाईट होतं. खोलीवर येऊन मी बाबांना फोन केला, "परवा येते. एक बोलायचं आहे." ते म्हणाले, "ये." कशासाठी, काय, काही विचारलं नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं की घरी जाऊन सांगायचं, नाही जमलं, परत येते. दवाखान्याला कळवायचं आणि मेथीच्या गाठोड्यांत परत जाऊन बसायचं.

पोचले तेव्हा दिवस मावळला होता. जेवले आणि मायजवळ आडवी झाले. बोलणं उद्यावर टाकलं. सकाळी कांद्याची लावण होती. आम्ही पाच बायका ओळीनं वाफ्यात बसलो. ऊन कोवळं, विहिरीवर पंप घरघरत होता, ओल्या मातीचा गारवा तळपायांतून वर चढत होता, आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा मला कसलीच घाई नव्हती. उजव्या हातानं रोप खोचायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, आणि मागे मागे सरकायचं. मी अर्धवट तंद्रीतच होते. तेवढ्यात शेजारची नवी मजूर बाई तोल सावरायला हात टेकून उठायला गेली आणि माय केवढ्यानं ओरडली, "वाफ्यात हात टेकू नोको वं! माती दबते, मंग कांदा पोसत नाई!"

मी तशीच थांबले. ओळीत सगळ्यांकडे पाहिलं. जुडी संपली की प्रत्येकीचा डावा हात गुडघ्यावर. तोल गेला तर आम्ही कुल्ल्यावर बसतो, चिखलात बसतो, पण हात खाली टेकत नाही. चार वर्षांची असल्यापासून मी हे ओरडणं ऐकत आले होते. माझा हात पंचवीस वर्षं हेच शिकला होता, तो चार महिन्यांत रेणूचं काय म्हणून ऐकेल? मला एकदम हसू आलं, आणि मग थांबेचना.

"काय झालं वं?" माय म्हणाली.

तिला काहीच ठाऊक नव्हतं. नाचाचं मी घरी सांगितलंच नव्हतं. तिथेच चिखलात बसून सगळं सांगितलं. सभागृह, रेणू, सहा पावलं, पडणं, सगळं. ती रोपं खोचता खोचता ऐकत होती.

"अन् तुले हात टेकवत नाई?"

"नाही ना."

"मंग धुऱ्यावर टेक. धुऱ्यावर का कांदा लावते कोणी?"

मी उठले आणि वाफ्याबाहेर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेले. वर्षानुवर्षं पायाखाली तुडवून दगड झालेली ती माती. तिच्यावर दोन्ही पंजे पसरले आणि दाबले. जोरात दाबले. कुणी ओरडलं नाही. तशीच विहिरीजवळच्या खळ्यात गेले, पदर खोचलेल्या चौघी मागून आल्या, आणि मी पहिलं पाऊल टाकलं. एकदा पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा आभाळ, विहीर, कापसाच्या पळाटीचा ढीग, मायचं तोंड, सगळं माझ्याभोवतून हळूच फिरून गेलं आणि मी जिथून निघाले होते तिथे परत आले, हात जमिनीवर, अख्खी. बायका टाळ्या पिटत होत्या.

"झालं?" मायनं विचारलं.

"झालं."

"मंग रडून काऊन राह्यली? चाल, रोप सुकून राह्यलं."

दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, "काय बोलायचं होतं तुले?" मी म्हटलं, "बाबा, उद्या सकाळच्या बसनं जाते. सोमवारी ड्यूटी आहे." ते घास हातात धरून पाहत राहिले. मग मायनं त्यांना खळ्यातलं सांगितलं.

"त्या नाचासाठी चालली?"

"हो बाबा. नाचासाठी."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "बरं," म्हणाले, हात धुतले आणि मधल्या, म्हणजे माझ्या खोलीचं दार उघडलं. मी गेल्यापासून त्या खोलीत स्प्रिंकलरचे पाइप आणि खताच्या बॅगा भरलेल्या असायच्या, म्हणून आल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते. खोली रिकामी होती. झाडून, पुसून लख्ख. भिंतीला नवा चुना. खिडकीखाली खाट टाकलेली आणि तिच्यावर धुतलेली गोधडी. माझ्या फोनवरच्या एका वाक्यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं आणि दोन दिवस एकट्यानं हे केलं होतं. सॉरी म्हणावंसं वाटलं, पण आमच्या घरात तो शब्द कुणी कुणाला म्हणत नाही.

"पाइप मांगच्या अंगणात पडून हायेत," बाबा म्हणाले. "उन्हानं तडकतीन. हात लाव."

आम्ही दोघांनी मिळून एकेक पाइप आत आणला. ते पुढचं टोक धरायचे, मी मागचं. नव्या चुन्यावर ओरखडे उठत होते आणि दोघंही ते पाहत नव्हतो. आता जागा पुरेना, म्हणून मी खाट उभी करायला धरली.

"खाट राहू दे," ते म्हणाले.

आणि उरलेले पाइप त्यांनी दाराबाहेर रचले.