पिवळ्या दोऱ्याचं बटण

माझं इस्त्रीचं दुकान आणि मास्तरांचं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. त्यामुळे मास्तर आणि वहिनींची भांडणं मला तीस वर्षं फुकट ऐकायला मिळाली. निवडणूक आली की विशेष रंगायची. दोघांचे उमेदवार कायम वेगळे, पण मतदानाला जायचे जोडीनं.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, तुमची मतं एकमेकांना खातात. घरीच बसा की दोघं!"

"मी बसेन हो. पण हे गुपचूप जाऊन येतील, त्याचं काय?"

काय दिवस होते ते!

मास्तरांची एक खोड होती. बॉबिनवर उरलेला दोरा टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. कपडा कुठल्याही रंगाचा असो, आतल्या शिवणीला ते एक जादा बटण टाचायचे, ते त्या उरलेल्या दोऱ्यानं. "आत कोण बघतंय?" म्हणायचे.

एका निवडणुकीच्या वर्षी पिवळा दोरा उरला, आणि पिवळा निघाला एका उमेदवाराच्या झेंड्याचा रंग. मास्तरांच्या धर्माची गल्लीत सहा-सातच घरं. त्यातल्या एकाच्या सदऱ्यात कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला ते बटण दिसलं. झालं! "खूण आहे ती. वरून हुकूम येतो, मास्तर दोरा लावतो, की यांची सगळी मतं एकगठ्ठा." बघता बघता मास्तरांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं.

मग चष्मेवाला चौघांना घेऊन माझ्याकडे आला. "तुझी भिंत लागून आहे. तुला ऐकू येतच असेल."

येत होतंच. त्याच सकाळी वहिनींनी पिवळ्या उमेदवाराचा उद्धार केला होता आणि मास्तर त्याची बाजू घेऊन घसा फोडत होते. शिवाय माझ्या अंगातल्या सदऱ्यालाही आत तेच पिवळं बटण होतं, आणि मी काही त्यांच्या धर्माचा नव्हे. सदरा उलटा करून दाखवला असता तरी पुरे होतं. मी इस्त्री फिरवत राहिलो. "मशीनच्या आवाजात कुठलं काय ऐकू येतंय!" म्हणालो.

भिंतीपलीकडे मास्तरांचं मशीन तेव्हा बंद होतं.

निवडणूक झाली, पिवळा पडला, गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. मीही नवा सदरा शिवायला टाकला. मास्तरांनी माप घेतलं, नेहमीसारखं खांद्यावर थोपटलं आणि विचारलं, "भाऊ, आतल्या बटणाला कुठल्या रंगाचा दोरा लावू?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मला मान वर करवेना. "जो उरला असेल तो लावा, मास्तर."

"उरलेला आता टाकून देतो मी," ते म्हणाले.