बिअरच्या मंचावरची साठ पानं

११ मे, रविवार. कूलरच्या जाळ्यांतलं गवत बदलायला काढलं. मार्चमध्ये भरलेलं गवत बोअरच्या पाण्याचे क्षार धरून कडक झालं होतं. चिमटीत धरलं तर मोडायचं. गच्चीवर सकाळी साडेआठलाच पायाला चटके बसत होते, म्हणून जाळ्या मधल्या खोलीत आणून वर्तमानपत्रांवर पसरल्या. एक जाळी भरून झाली तेवढ्यात बिअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. इंटरनेटवरचा आमचा जुना बिअरचा मंच ज्यांनी उभा केला आणि इतकी वर्षं स्वतः चालवला, त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की मंच उद्या दुपारी कायमचा बंद होतोय, कुणाला काही उतरवून घ्यायचं असेल तर आजच घ्या. खाली कुणीतरी हात जोडले होते. त्याच्याखाली ग्लासात फेस चढतानाची चित्रफीत होती.

मी दुसरी जाळी घेतली. मंचावर पाच-सहा वर्षांत मी स्वतःच गेले नव्हते. बंद होतोय तर होऊ दे, असं मनात आलं, आणि फोन वाजला.

"ताई बोलून राहिल्या ना? मी अकोल्याचा अत्तरवाला."

वीस वर्षांत हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मंचावर आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

"बोला चाचा."

"तो मंच बंद होऊन राहिला म्हणते. त्याच्यावर मी लिहिलेलं सारं जाईन का?"

"जाईल. तुमाले पाह्यजे का?"

मग ते म्हणाले, "मले वास येऊन नाही राहिला, ताई. जानेवारीत ताप आला, तवापासून."

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. घरी कुणाला बोलले नव्हते. दुकानातल्या निम्म्याशिम्म्या बाटल्यांवर चिठ्ठीच नाही. नाक असताना चिठ्ठी कशाला लावायची, असा त्यांचा जन्माचा खाक्या. गेल्या आठवड्यात एका लग्नघराला वाळ्याच्या जागी भलतंच अत्तर दिलं आणि नवरीचा मामा परत घेऊन आला. मुलाला वाटतं, अब्बा आता विसरायला लागले. तो या आठवड्यात साऱ्या जुन्या बाटल्या काढून खोक्यांतला तयार माल लावणार होता, आणि चाचांनी घरी आराम करायचा होता.

"डॉक्टर म्हणते, रोज दोन टाइम तेच ते वास घ्या, आठवून आठवून घ्या. पण आठवाले काही तर पाह्यजे. तिथं मी लिहून ठेवलं हाय, कोणता वास कशासारखा. मी का घरी बसणारा माणूस हाय, ताई?"

"आज काढते," मी म्हटलं, आणि गवत तसंच टाकून उठले.

हे अत्तरवाले बिअरच्या मंचावर कसे, ते सांगायला हवं. आधी मी कशी, ते.

मी सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये तेल तपासते. खवट, कच्चं, करपलेलं, हे आधी नाकानं ठरतं, मग यंत्रानं. वीसेक वर्षांपूर्वी नवरा शनिवारी एक बिअर आणायचा. एकदा त्याचा ग्लास हुंगून मी म्हटलं, याला भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आहे. तो म्हणाला, "तू काहून अशी बोलते? सारी मजा घालवते. हे दुसऱ्या कोणाले सांगत जा." म्हणून मी दुसऱ्यांना सांगायला लागले.

तेव्हा आमच्या शहरात, राजापेठेत, एका जिन्याखाली इंटरनेटचं दुकान होतं. प्लायवूडच्या पाच खोपट्या, प्रत्येकीत एक स्टूल. संध्याकाळी मिलमधून येताना मी तासभर बसायची. मंचाचं पान वरून खाली हळूहळू उलगडायचं, कुणीतरी पडदा सोडतंय असं. आधी नुसती निळी पट्टी, मग लिहिणाऱ्याचं टोपणनाव, मग एकेक ओळ. बाहेर क्लासहून सुटलेल्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट असायचा, आणि आत मी एका अनोळखी माणसाच्या नाकातून काहीतरी हुंगत बसलेली असायची. माझं टोपणनाव तेलघाण्याच्या एका भागावरून घेतलेलं होतं, त्यामुळे सगळे मला भाऊ म्हणायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. भाऊ म्हटलं की लोक नीट वाद घालतात.

मंचाचा एक रिवाज होता. शनिवारी सगळ्यांनी एकच ठरलेली बाटली घ्यायची, ज्यानं त्यानं आपल्या घरी. रविवारी दुपारपर्यंत, दुसऱ्याचं न वाचता, आपल्याला काय वास आला ते लिहायचं. मग वाचायचं. लोक दीड-दीड पान लिहायचे. उत्तराला दोन दिवस लागायचे, आणि त्या दोन दिवसांत मिलमध्ये नमुने तपासताना मी त्याच वाक्यांत फिरत असायची. चांदूर बाजारचा एक संत्र्याचा बागायतदार होता. एका बाटलीबद्दल त्यानं लिहिलं होतं की हा वास फळाचा नाही, तोडा झाल्यावर रिकाम्या बागेत उरतो तो आहे. मी ती बाग कधी पाहिली नाही. पण आजही डोळे मिटले की तिच्यातून चालता येतं, पायाखाली साली असतात आणि कुणी बोलत नसतं.

सुरुवातीला मात्र आम्ही बाटलीवरचे इंग्रजी शब्दच उतरवायचो. कुठल्या कुठल्या परदेशी फळांचे, झाडांचे वास. तिथं चाचा आले. त्यांनी लिहिलं, मी अकोल्यात अत्तर विकतो. पीत नाही, पिणार नाही. पण तुम्ही जी फळं बापजन्मात खाल्ली नाहीत त्यांचे वास लिहून राहिले, म्हणून राहवलं नाही. मग मी उतरवलेल्या एका परदेशी फळाबद्दल त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हा वास ओला का कोरडा? आधी येते का मागून? उन्हातला हाय का सावलीतला?"

मी तीन दिवस विचार केला आणि लिहिलं: कोरडा, मागून येतो, सावलीतला. ते म्हणाले, मग ते तुमचं परदेशी फळ नाही, ती कपाटात ठेवलेली जुनी लिंबाची साल आहे. मी तीच बिअर पुन्हा आणून हुंगली, आणि खरंच ते कपाट उघडलं. बिअरचा एक थेंब न हुंगलेला माणूस आमच्या शब्दांवरून आमचे वास ओळखायचा, आणि त्याला जोड म्हणून स्वतःच्या दुकानातलं एखादं अत्तर सांगायचा: हे हिन्याच्या जवळचं, ते केवड्याच्या पाठीमागचं. अशी साठेक पानं झाली. त्या पानांवर सरकीच्या गोदामातली पहिली गार हवा होती, गठाण फोडल्यावरचा कापूस होता, कढईत तापवून उतरवलेलं तेल होतं. मी बाई आहे हेही त्यांनीच ओळखलं. एकदा मी कुकरच्या जुन्या रबराचा वास लिहिला, तर खाली त्यांची एक ओळ आली: "भाऊ नाही, ताई आहेत ह्या." बाकीच्यांनी थट्टा समजून सोडून दिलं आणि मला भाऊच म्हणत राहिले.

आम्ही काही फार शहाणे नव्हतो. दोन उन्हाळे आम्ही एका बाटलीतल्या मधाच्या वासाचं कौतुक करत होतो. पुण्याकडच्यांना तो येत नसे, म्हणून आम्हाला जास्तच अभिमान. वऱ्हाडाचं पाणी, वऱ्हाडाची हवा, काय काय लिहिलं. मग बिअर बनवण्याच्या धंद्यातल्या एकानं येऊन सांगितलं की तुमच्याकडे ट्रक उन्हात उभे राहतात, बिअर शिजते, आणि शिळ्या बिअरला असा गोड वास सुटतो. बागायतदार खवळला. "आमचं नाक तुमच्या कारखान्यानं दिलं का?" असं त्यानं लिहिलं. चाचांनी फक्त विचारलं, "मध ओला असते. तुमचा हा मध ओला का कोरडा?" कोरडाच होता. पुठ्ठा होता तो. दोन वर्षं आम्ही ओल्या खोक्याला मध म्हणत होतो. त्या दिवसापासून मी दुकानदाराला खालच्या खोक्यातली बाटली मागते आणि तारीख पाहते.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. गप्पा मंचावरून फोटोंच्या पानावर गेल्या. आता बाटलीचा चेहरा कॅमेऱ्याकडे असायचा, शेजारी शेंगदाण्याची बशी, आणि वासाच्या जागी आवडल्याचा अंगठा. मग व्हॉट्सॲप. तिथं कोणत्या दुकानात काय आलंय ते दहा मिनिटांत कळतं, हे सोयीचं आहे आणि मी वापरते. मग बिअरला तारे द्यायचं ॲप आलं. साडेतीन तारे दिले की बोलणं संपलं. भांडण उरलं नाही. साडेतीन ताऱ्यांशी कोण काय भांडणार? चाचा ग्रुपमध्ये होते, पण त्यांना विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते गप्प. मीही अंगठेच पाठवत होते. उगाच दुसऱ्यांना बोल कशाला लावू?

तर त्या रविवारी मी ग्रुपवर विचारलं, वासांची ती साठ पानं कुणी जपून ठेवली आहेत का. उत्तरं लगेच आली. एक अंगठा. "कोणता मंच, भाऊ?" असं एका नव्या सदस्यानं विचारलं. फेसाची आणखी एक चित्रफीत आली. आणि एकानं, भला माणूस, पाच मिनिटांत मदत केली: मंचावरची साठ पानं त्यानं एआयच्या यंत्राला खाऊ घातली आणि सारांश पाठवला. पाच ओळी. फळांसारखा सुगंध, फुलांची झाक, धान्याची गोडी, संतुलित कडवटपणा, सदस्यांचा उत्साही सहभाग.

त्यात खोटं काही नव्हतं. चाचांना उपयोगाचंही काही नव्हतं.

मी संगणकापुढे बसून एकेक पान उतरवायला घेतलं. कूलर उघडा पडला होता, पंखा गरम हवा फिरवत होता. अधूनमधून मी कामच विसरायची. एक ओळ वाचली की त्या रविवारी गॅसवर काय होतं ते समोर यायचं, दुसरी वाचली की मी गोदामात पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात उभी असायची. कधी ती ओळ माझी असायची आणि ओळखू यायची नाही. नवरा दोनदा येऊन घामेजलेल्या चेहऱ्यानं जाळ्यांकडे पाहून गेला. तिसऱ्यांदा आला तो खाली बसून स्वतःच गवत भरू लागला.

"अजून तेच का?" तो म्हणाला. "ढेपेचा वास?"

"तेच."

"मीच आणली होती ती बाटली," तो म्हणाला, आणि तार आवळत राहिला.

पाच वाजता मी क्लासेसच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो कागद निघताना वाचत होता.

"मॅडम, हे दारूचं पुस्तक हाय का?"

"वासाचं."

"कशाच्या वासाचं?"

"तुमच्या मशिनीचापण आहे त्यात. पान चाळीस पाहा."

त्यानं खरंच पाहिलं. मग त्यानं प्लास्टिकचं कव्हर न विचारता जाडं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलमध्ये अर्ध्या दिवसाची रजा सांगून पहिल्या एसटीनं अकोल्याला गेले. दुकान बाजाराच्या जुन्या भागात होतं, एका माणसाला आडवं झोपता येईल एवढं. चाचा गल्ल्याशी बसले होते, पांढरी दाढी, स्वच्छ सदरा. मुलगा चाळिशीचा, खोकी बाहेर ठेवून तो फळीवरच्या जुन्या बाटल्या उतरवत होता.

"अब्बा, हेच का ते भाऊ?" तो म्हणाला.

"ताई आहेत. मी कवाचा सांगून राहिलो."

चाचांनी पानं घेतली, एक वाचलं, शेजारची बाटली उघडून नाकाशी धरली. परत वाचलं. मग बूच लावून खाली ठेवली. काय झालं, मुलानं विचारलं. तेव्हा त्यांनी त्याला ताप, नाक, सगळं सांगितलं.

मुलानं हातातली बाटली खाली ठेवली. "म्हणजे तुमी भुलून नाही राहिले," तो म्हणाला.

"भुललो असतो तर बरं होतं. आराम तर केला असता."

मी म्हटलं, माझं नाक चालू आहे, चिठ्ठी नसलेली एक बाटली द्या. मुलानं त्याला स्वतःला माहीत असलेली दिली, म्हणजे परीक्षा माझी नव्हती, चाचांची होती. मी हुंगलं आणि सांगितलं: भिजलेलं पोतं, मागे लवंग.

"ओला का कोरडा?" चाचांनी डोळे मिटून विचारलं.

"आधी ओला, मग कोरडा."

"कोरडा किती वेळ टिकते?"

"अजून आहे."

"हिना," ते म्हणाले. "पण दोन वर्षं मुरलेला. नवा इतका नाही थांबत."

बरोबर, अशी मुलानं मान डोलावली. त्यानं उतरवलेल्या बाटल्या परत फळीवर चढवायला सुरुवात केली आणि समोरच्या दुकानातून चिठ्ठ्यांचा कागद आणि पेन घेऊन आला. चाचा लिहू लागले. अक्षर सुंदर आहे त्यांचं, पण सावकाश लिहितात. एकेका अत्तराच्या नावाखाली मी सांगितलेला वासही लिहायचा त्यांचा आग्रह होता. साडेदहाला नऊ बाटल्या झाल्या होत्या आणि फळीवर तीसेक उरल्या होत्या. मी मिलमध्ये फोन करून अर्ध्याची पूर्ण रजा सांगितली आणि दहावीचं बूच काढलं.