‘शिक्षा’ या शब्दापाशी

प्रार्थना चालू असताना ती मध्येच थांबवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. एस्तेर साळवे. दिल्लीतल्या एका इस्पितळात नर्स म्हणून त्यांनी नोकरी काढली, म्हणून आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. लक्ष्मीबाई नगरातल्या शेजारणी त्यांना नन समजून आशीर्वाद मागायला येत, तेव्हा त्या हात झटकून सांगत, “मैं सुईवाली सिस्टर हूँ बहनजी, चर्चवाली नहीं.” आमची मराठी मंडळी लहानशी. नगर, सोलापूर, जालना अशा गावांहून नोकरीपायी दिल्लीत आलेली ख्रिस्ती घरं. स्वतःची इमारत नाही. एका हिंदी चर्चचं सभागृह रविवारी दुपारी आम्हाला मिळे. त्याच्या मागच्या खोलीत सिस्टर मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घेत.

एकदा तिथं एक मुलगा डोळे गच्च मिटून सुरू झाला, “हे परमपवित्र, सर्वसमर्थ पित्या...” सिस्टर म्हणाल्या, “थांब. सर्वसमर्थ म्हणजे काय रे?” पोरगा म्हणाला, पता नहीं, अंकल बोलते हैं. “मग ते अंकल बोलतील. तू काय बोलशील?” बराच वेळ तो बूट घासत उभा राहिला आणि मग एका दमात म्हणाला, “देवा, मी बंटीच्या सायकलची हवा सोडली.” सिस्टर खूश. “हां. आता सुरू झाली.” आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना हे फारसं रुचत नसे. त्यांचं म्हणणं, लहान मुलं आधी शब्द पाठ करतात, अर्थ मागून येतो. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं असे, “औषधाची बाटली न वाचता मी कुणाला डोस दिला नाही, साहेब. इथं का देऊ?”

मुलानं पहिल्यांदा आपणहून ‘प्रभू येशू, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो’ म्हणणं, ही सिस्टरांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. ती त्या वर्गात उरकत नसत. दहा जणांनी हात वर केला की अकरावाही करतोच, म्हणायच्या. मूल तयार आहे असं वाटलं की त्याच्या घरी जायच्या, त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायच्या. माझ्यामागे म्हण, असं कधी नाही. “मी पुढं चालते, तू तुझ्या पायांनी ये. दमलास तर सांग, थांबू.”

आमच्या घरी त्या आल्या त्या माझी बायको सुनीता गेल्यावर. नोव्हेंबर होता. आमच्या मुलीच्या, कृपाच्या शाळेचं वार्षिक संमेलन उघड्या मैदानात, संध्याकाळी. हवा इतकी धुरकट की पलीकडची इमारत दिसत नव्हती. सुनीताच्या अंगात ताप होता, तरी ती गेली. ताप छातीत उतरला, इस्पितळ झालं, आणि महिना संपायच्या आत ती गेली. सांत्वनाचे फोन यायचे, भेटायला माणसं यायची. प्रत्येकाला कळायला हवं असायचं की असं अचानक कसं झालं. मी सगळ्यांना एकच सांगायचो, “कृपानं फार हट्ट धरला हो, मम्मा तू आलंच पाहिजेस म्हणून. तापात गेली, तेच भोवलं.” आमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. कृपा सात वर्षांची. ती आतल्या खोलीत असायची आणि दार उघडं असायचं.

पुढे सिस्टर दर रविवारी तिला शब्बाथ शाळेला न्यायला लागल्या. मी सोबत जायचो, पण आत नाही. माझं देवाशी बोलणं बंद होतं. अंगणातल्या बाकावर फोन बघत बसायचो. सिस्टर जाता जाता टोमणा मारत, “असू दे, सतीशराव. चपला सांभाळायलाही एक माणूस लागतंच.” मला त्यांचा राग यायचा नाही. कृपाच्या वेण्या त्या घालायच्या, तिचं दिल्लीचं मराठी हसत हसत ऐकून घ्यायच्या. तिच्या तोंडात अर्धी वाक्यं हिंदीतून येत. घरात मराठी बोलणारी सुनीताच होती. मी मुळात कमी बोलणारा.

वर्षभरानं कृपानं सिस्टरांना आपणहून सांगितलं की तिला ती प्रार्थना करायची आहे. एका रविवारी उपासनेनंतर सिस्टर घरी आल्या. दोघी बैठकीत जमिनीवर समोरासमोर बसल्या. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि तो उकळून गेला तरी गॅस बंद केला नाही.

सुरुवात छान झाली. आधी आभार मान, सिस्टर म्हणाल्या. कृपानं पपईच्या झाडाचे आणि खालच्या कुत्रीच्या पिल्लांचे आभार मानले. मग, तुझं काय चुकलं ते सांग. तिनं वर्गातल्या मुलीचा स्केचपेन परत दिला नसल्याचं सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, आता त्याला सांग की तू माझी शिक्षा स्वतःवर घेतलीस, यावर माझा विश्वास आहे.

कृपा म्हणाली, “आजी, येशूनं माझी शिक्षा कशी घेतली? तो स्कूल जात होता का?”

सिस्टर हसत सुटल्या. मलाही आत हसू आलं. वर्षभर ही पोर ऐकत होती की प्रभूनं आपली शिक्षा घेतली, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून हिंदी शाळेत शिकणारी ती समजत होती की आपला अभ्यास त्यानं करून टाकला. इतरांच्या एकेका शब्दाला अडवणाऱ्या सिस्टरांना हा शब्द तपासावा असं कधी वाटलं नव्हतं. त्या मूळच्या नगरच्या; नगरच्या माणसाला शिक्षेचा अर्थ काय विचारायचा? डोळे पुसत त्या म्हणाल्या, “अगं वेडे, आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा. चूक तू केलीस, सज़ा त्यानं घेतली. तुला आता ती नाही.”

  मग कृपानं विचारलं, “येशूनं घेतली होती, तर मग माझी सज़ा मम्माला का मिळाली?”

मी पातेल्याकडे बघत उभा राहिलो. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी गेलो नाही.

सिस्टरांनी तिला जवळ घेतलं आणि मम्माला कुणाची सज़ा मिळाली नाही, असं सांगितलं. कृपा हळूच म्हणाली, “पापा सबको बोलते हैं.” मग सिस्टर तिला म्हणाल्या, आजची प्रार्थना इथंच थांबवू, देव वाट बघतो, त्याला घाई नसते. तिला पिल्लांकडे खाली पाठवलं आणि स्वयंपाकघरात आल्या. गॅस त्यांनीच बंद केला.

तेव्हा मी पहिल्यांदा खरं ते बोललो. त्या दिवशी सकाळी सुनीतानं मला सांगितलं होतं, “मला बरं वाटत नाही हो. आज तुम्ही जाता का तिच्याबरोबर?” मी म्हणालो होतो, ऑफिसात संसदेच्या प्रश्नाचं उत्तर जायचंय, मला जमणार नाही. ते उत्तर माझ्याशिवायही गेलं असतं. कृपानं हट्ट धरला होता हे खरं; पण तो ‘कुणीतरी या’ एवढाच होता.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “हे मला सांगून काय उपयोग? मी काय तुमची मुलगी आहे?”

तुम्हीच सांगा तिला, मी म्हणालो, तुमचं ऐकते ती.

“नाही. तुम्ही घातलेली गाठ मी सोडवली, तर ती म्हणेल आजी चांगली आहे म्हणून असं बोलते. हे बापाच्या तोंडून यायला पाहिजे, सतीशराव. आणि तोवर मी तिला देवाची क्षमा मागायला लावणार नाही. न केलेल्या पापाची क्षमा मागायला शिकवू होय तिला?”

मी बोलेन म्हणालो. या आठवड्यात म्हणालो. मग परीक्षा झाल्यावर, मग सुट्टीत. सिस्टर काही महिने नजरेनं विचारत राहिल्या, एकदोनदा शब्दानंही विचारलं. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. वेण्या मात्र घालत राहिल्या, वेण्यांचं वय सरेपर्यंत. कृपानं त्या प्रार्थनेचं नाव पुन्हा काढलं नाही. तिच्या वर्गातल्या मुलांनी एकेक करून ती केली. तो बंटीच्या सायकलची हवा सोडणारा तर पुढे मंडळीत गिटार वाजवू लागला. कृपा मागच्या बाकावर बसून शांतपणे गीतं म्हणायची. ‘आमेन’ला तिचे ओठ हलायचे नाहीत. हे मंडळीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. सिस्टरांच्या आलं होतं, आणि माझ्या. तोवर मी आत बसू लागलो होतो.

थकल्यावर सिस्टर गाज़ियाबादला भाचीकडे राहायला गेल्या. तिथून मेट्रो बदलून यायच्या, पर्समध्ये मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की असायची. मग एका थंडीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. आम्ही भेटायला गेलो. कृपा तेव्हा कॉलेजात. ती त्यांचा हात धरून बसली आणि परीक्षेचं, मैत्रिणींचं काहीबाही सांगत राहिली. सिस्टरांनी तिच्याकडून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “लवकर बऱ्या व्हा, सिस्टर.” त्यांनी डोळे मिटले.

पंधरवड्यात त्या गेल्या. दफनविधीला मंडळीतली मुलं आली होती, आता मोठी झालेली. पाळकसाहेबांनी विचारलं, सिस्टरांनी तुमच्यापैकी कुणाकुणाला प्रभूपाशी नेलं? हात वर झाले. कृपाचा झाला नाही. ती मातीकडे बघत उभी होती. एवढ्या वर्षांत सिस्टरांचं एकच काम अर्धं राहिलं होतं, आणि ते मी राहू दिलं होतं.

त्या दुपारी घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सुनीता काय म्हणाली, मी काय म्हणालो, लोकांना काय सांगत राहिलो आणि दार उघडं आहे हे मला माहीत होतं, हेसुद्धा. कृपानं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “आजीला माहीत होतं?” हो म्हणालो. “आणि ती मला काही बोलली नाही?” मी म्हणालो, तिचं म्हणणं होतं की हे मी सांगायचं. ती उठून आत गेली. दार लावून घेतलं.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी माफी मागितली होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजही म्हणत नाही. प्रार्थनाही तिनं केलेली नाही, आणि तिच्याबद्दल मी विचारावं असा माझा हक्क नाही. पण पाचव्या दिवशी मी भाजी निवडत होतो तेव्हा ती समोर येऊन बसली. म्हणाली, “पुन्हा सांगा. शुरू से.” मी पुन्हा सांगितलं. काही गाळलं नाही. ऐकता ऐकता तिनं विचारलं, मम्मानं त्या दिवशी कोणती शाल घेतली होती?

मी म्हणालो, मला माहीत नाही, कृपा. मी नव्हतो तिथं.

“हिरवी,” ती म्हणाली. “मी स्टेजवरून बघितली ना. ती पूरा टाइम हात हलवत होती.”