कोरडे पाय अन् माही दस्ती

चहा थंड झाला तं होऊ द्या, पण माही फजिती आधी ऐका! अन् हसायचं असन तं शेवटी हसा, मधात नाई.

तुम्हाले तं माहीतच आहे, मी लॅबमधी टेराहर्ट्झच्या मशीनीवर काम करतो. नावाले घाबरू नका! ते एक्स-रेसारखी हाडापर्यंत घुसत नाई. वरच्या कातडीत पाणी किती, एवढंच सांगते. शुगरवाल्याचा तळपाय आधी कोरडा पडते, मंग जखमा होतात. ते आधीच कळावं, यासाठी आमची सारी खटपट.

तर लाखनीजवळ आमच्याच गावात शिबिर लावलं. पहिला नंबर कोनाचा? माह्या मायचा! तिले शुगर. याच शुगरपायी मामाच्या पायाचा अंगठा कापावा लागला होता, तेव्हापासून माह्या जिवाले घोर.

"माय, या काचेवर पाय ठेव. हलू नोको."

"ठेवला, बाबू."

स्क्रीनकडे पाहतो तं काय! तळपाय कोरडाठाक!

"कसा हाय गा?"

"मस्त आहे," म्हटलं अन् तिकडं तोंड करून डोळे पुसले.

माय बाहेर गेली. मंग शेवंताकाकू आली. कोरडी! तिच्या मागची? तेबी कोरडी! अरे बाप्पा, या बाया धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात उभ्या राहतात, अन् यांचे पाय कोरडे? शहाण्या माणसानं मशीन तपासली असती. म्या काय केलं? बाजूच्या खोलीत आमच्या लॅबच्या मॅडमकडे धावलो. "मॅडम, आमच्या गावाच्या पाण्यातच काही तरी आहे! अख्खा गाव सुकून राहिला! माही माय..." लहान पोरासारखा रडलो, खोटं कायले सांगू?

मॅडमनं मायले परत बोलावलं. माही नजर स्क्रीनवर, मॅडमची मायच्या पायावर.

"मावशी, हे काय?"

पायाखाली घडी केलेली दस्ती, म्हंजे हातरुमाल!

"लेकराची रोजी हाय जी त्या मशीनीवर," माय म्हणते. "तिले पाय कसा लावू? पाप नाई लागत का? बाहेर बायायलेबी सांगतलं म्या, काही टाका खाली, मंग पाय ठेवा."

घ्या! म्हणजे मी सकाळपासून कपड्याचे फोटो काढून राहिलो होतो! दस्तीले शुगर झाली म्हणून रडत होतो! अन् दस्ती कोनाची? माहीच!

"माय, काढ ते."

"नाई काढत."

शेवटी मी खाली बसलो. मायचा पाय दोन्ही हातात धरला. टाचा चिखलानं पांढऱ्या पडलेल्या, बोटायवर चिखल्या होऊ नये म्हणून रोवणीत लावलेल्या मेंदीचा रंग. इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. त्याले डोकं लावलं. "आता पाप माह्यावर," म्हटलं अन् काचेवर ठेवला.

फोटो आला. पाय एकदम चांगला! माहा जीव भांड्यात पडला. पण टाचेपाशी हा ओला ठिपका कायचा?

"मॅडम, पाहा जी! सूज-बीज तं नाई?" मी परत घाबरलो.

मॅडम तोंडावर हात धरून हसून राहिल्या. मायनंच सांगतलं.

"कवाचा रडून राहिला तू, पडला असन एखादा थेंब काचेवर. आधी डोळे पूस, मंग मशीन. घे, तुहीच दस्ती."