पाठीवरची बोटं

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. निम्मे फ्लॅट रिकामे, पाणी टँकरचं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी आंटी राहायच्या, पण जिन्यातल्या नमस्तेपलीकडे आमचं काही बोलणं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी गच्चीवर मुलीला पाण्याच्या टबात बसवलं आणि मी शेजारीच सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळत बसले. ती सारखी टबाबाहेर पडायची. रसाने माखलेल्या हातांनीच मी तिला उचलून परत बसवायची. दोघी मजेत होतो.

दोन दिवसांनी तिच्या पाठीवर लाल वळ उठले, एकदोन फोडही आले. आठवड्याभरात ते तपकिरी झाले आणि मग नीट दिसलं. ती बोटं होती. चार इकडे, अंगठा तिकडे. आम्ही तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. तरी मी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, त्यांनी माझ्या.

विचारलं ते आंटींनी. मुलीची उघडी पाठ दिसताच त्या थेट घरात आल्या.

"बेटा, सच बता. बच्ची को किसने मारा?"

"किसी ने नहीं, आंटी. सच में."

"तू मारती है? या साहब?"

मला रडूच फुटलं. अपमानही झोंबला. पण त्या हटल्या नाहीत. "तो चल, अभी डॉक्टर के पास." स्वतः गाडी चालवत त्यांनी आम्हाला दिल्लीला, त्यांच्या ओळखीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी मला माझा हात डागांवर ठेवायला सांगितला. बोटं बरोबर बसली. मी हात झटकन मागे घेतला.

"नींबू निचोड़े थे क्या? धूप में?" त्यांनी विचारलं.

मी गच्चीवरचं सगळं सांगितलं. बाई हसल्या. लिंबाचा रस अंगावर असताना कडक ऊन लागलं की कातडी भाजते, म्हणाल्या. डाग आपोआप जातील, तोवर पाठीला ऊन लागू देऊ नका.

परतताना आंटी म्हणाल्या, "बुरा मत मानना. मैंने तुझ पर ही शक किया."

त्यांना जिन्यात इतरांशी कुजबुजणं किती सोपं होतं! पण त्यांनी मलाच विचारलं. जिथे आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं, तिथे माझ्या लेकीसाठी एक बाई माझ्याही विरुद्ध उभी राहिली, याचं मोल मला हळूहळू कळत गेलं.

डाग जायला दिवाळी उजाडली. तोवर रोज दुपारी मुलगी आंटींच्या घरात, सावलीत खेळायची. तिथे ती चारदोन पंजाबी शिव्या शिकली. मी तिला कधी रागावले नाही.