उलटा शिवलेला तलाव

एकदा मी अख्खा तलाव उलटा शिवला. बाही उलटी लागणं, काज भलत्या पट्टीवर पडणं, अशा चुका शिवणाऱ्या सगळ्याच बायका करतात. मी तलावाची पाळ म्हणजे बांध, झाडं, पाणी, मासेमारीचा लाकडी डोंगा, सगळं डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे नेऊन ठेवलं. वर तो तलाव ज्याचा होता, त्यालाच वेड्यात काढलं.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. अक्कल यायला हे वय पुरायला हवं. पण तेव्हाची मी, त्या बाईला मी चांगली ओळखते. तिला अकलेपेक्षा कौतुकाची हौस जास्त. सुनेच्या मोबाइलमधला एखादा आवडता फोटो ती स्टुडिओतून मोठा करून आणायची आणि त्याची वाकळ शिवायची. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून डोंगर, पळस, धानाची बांधी. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली एक काकी गडचिरोलीत मुलाच्या शेजारी राहायला आली होती, तिनं कांथ्याचा टाका शिकवला होता. बारीक धावदोऱ्याच्या ओळीवर ओळी घातल्या की कापडावर पाणी हलल्यासारखं दिसतं. चार जणींनी वा वा केलं आणि बाई हवेत. कोणी नुसतं 'वाकळ' म्हटलं तर ती सुधारून सांगायची, “देखाव्याची वाकळ!”

तिची रीत अशी. फोटो खिडकीच्या काचेला चिकटवायचा, वर पतंगाचा कागद धरून रेघा उतरवायच्या, कागदाचे तुकडे कापून त्यांना नंबर घालायचे. मग तुकडा कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून खडूनं आखायचं आणि कापायचं. आयुष्यभर ब्लाउज शिवले होते ना! ब्लाउजला उलट्या बाजूनंच आखतात, आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बिघडत काही नाही. देखाव्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. सगळेच तुकडे उलटे, त्यामुळे ते एकमेकांना बरोबर जुळायचे. बघणाऱ्यालाही कळत नसे. हेमलकशाच्या नदीची वाकळ आमच्या एका व्याह्यांच्या बैठकीत टांगलेली आहे. तिथे नदी अजून उलटी वाहते. मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

त्या वर्षी आमच्या ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. धानोऱ्याच्या रस्त्याला आमचं गाव, तिथल्या मालगुजारी तलावात ह्यांनी चाळीस वर्षं जाळं टाकलं. आता गडचिरोलीत मुलाच्या घरी, पुढच्या खोलीत खाटेवर पडून छताकडे बघत. तोंडातून नुसतं “ते... ते...” निघे, मग तेही नाही. मी डॉक्टरांना विचारलं, “समजते का त्याहिले?” ते म्हणाले, “किती समजतं, हे आज सांगता येणार नाही. बोलत राहा त्यांच्याशी. ओळखीचं काही दाखवत राहा.”

बोलत राहा म्हणाले होते. बाईनं काय केलं, तर वाकळ शिवायला घेतली.

सुनेनं काढलेला तलावाचा एक फोटो होता, सकाळचा. पाळीच्या डाव्या टोकाला मोहाचं झाड, उजव्या टोकाला तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि मध्ये आमचा डोंगा. दोन महिने मी त्यात डोकं घालून बसले. उजेड खिडकीकडे, म्हणून तोंड खिडकीकडे आणि पाठ ह्यांच्याकडे. पाण्याला ह्यांची निळी लुंगी घेतली, धुक्याला फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा, रानाला माझं हिरवं लुगडं. मागून अस्तराला ह्यांचंच पांढरं धोतर. पाळीवर लाल दोरा, पाण्यावर निळा. हे माझ्या पाठीकडे बघत काय विचार करत असतील, हा विचार मी केला नाही. मनात एकच धरून बसले होते. वाकळ अंगावर पडेल, हे आपला तलाव ओळखतील, आणि तोंडातून एक तरी शब्द निघेल. एकच शब्द हवा होता मला. माणूस आत आहे की गेला, एवढंच कळायला.

पांघरूण घातलं त्या दिवशी काकीला बोलावलं, सुनेला चुलीपुढून उठवून आणलं. हे बराच वेळ बघत राहिले. कपाळाला आठी पडली. मग डाव्या हातानं कोपरा धरला, ओढत ओढत वाकळ उलटली आणि धोतराची बाजू वर केली.

“अवो, उलटी नाई घेत! चित्र वर ठेवा ना,” म्हणत मी ती सुलट केली. ह्यांनी परत उलटली. मी परत सुलट केली.

“राहू द्या ना आई,” सून म्हणाली. “ते बाजू मऊ लागत असंन बाबांना.”

“मऊ! मंग धोतरच पांघरून द्याचं होतं. मी काऊन मेली दोन महिने डोळे फोडून?”

काकी घरी काम आहे म्हणून निघून गेली. माझी शोभा झाली ना! दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. मी स्वयंपाकघरातून यावं, तर धोतर वर. मी ओरडायची, “काय करून राह्यले तुमी? आपला तलाव नाई वळखत?” ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. डोळ्यांत काहीतरी असायचं, ते मला वाचता येत नव्हतं. चौथ्या दिवशी मी वाकळेच्या चारी कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि ती खाटेच्या पायांना बांधून टाकली. आजारी माणसाला स्वतःच्या कलेखाली बांधून ठेवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी आरशात पाहिली आहे.

त्या दिवसापासून ह्यांनी तोंड उघडायचं सोडलं.

तोवर चमच्यानं पेज जात होती, थोडी थोडी. आता ओठ मिटलेले. चमचा लावला की पेज हनुवटीवरून मानेत उतरायची. मरळीचा रस्सा केला, निवळ काढून कोमट करून आणला. त्या वासाला हा माणूस झोपेतून उठायचा. तोंड भिंतीकडे वळवलं. पाणी तेवढं ओल्या फडक्यानं ओठात पिळायचं. मी हात जोडले, शिव्या दिल्या, गावच्या देवीला नारळ बोलले. मुलानं जवळ बसून “बाबा, एक घास” म्हटलं आणि उठून बाहेर गेला. उपासाच्या पाचव्या दिवशी, शनिवारी, डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, “सोमवारपर्यंत तोंडानं काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. ते नळी ठेवू देतील की नाही, सांगता येत नाही.”

मी सुनेला म्हटलं, ह्यांच्या उशाशी उभी राहून म्हटलं, “डोकं गेलं वं त्याहिचं. मानूस गेला, आता नुसती खोळ राह्यली.” बोलताना आवाजही उतरवला नाही. खोळीसमोर कशाला उतरवायचा?

रविवारी दुपारी चादर ओली झाली म्हणून मी नाड्या सोडल्या. चादर बदलून वळते, तर ह्यांचा डावा हात पुन्हा कोपऱ्यावर. अंगात काही उरलं नव्हतं. कोपरा हातभर सरकवायचा, थांबायचं, धाप टाकायची. मी बघत उभी राहिले. ओरडायला माझ्यातही काही उरलं नव्हतं. पांघरूण घातल्यापासून मी पहिल्यांदा ती वाकळ सुलट केली नाही. खाटेला टेकून खाली बसले आणि धोतरावरच डोकं ठेवलं. मनात म्हटलं, घ्या, घ्या उलटी. जायचंच असेल तर तुमच्या मर्जीनं जा.

नाकासमोर धोतरातून आरपार निघालेल्या लाल दोऱ्याची ओळ होती, पाळीची. रिकामं बोट तिच्यावरून डावीकडून उजवीकडे फिरायला लागलं. आधी मोहाचा घेर लागला. मग पाळ, पाळ, पाळ. मग तुडुम. या पाळीवरून मी चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चालले होते. घरून निघालं की आधी मोह, शेवटी तुडुम. पायांना ते पाठ होतं. मी सरळ बसले. वाकळ उचलून चित्राची बाजू बघितली. तिथे तुडुम डावीकडे आणि मोह उजवीकडे. सुनेला म्हटलं, फोटो आण. तिनं आणून धरला. फोटो धोतराच्या बाजूशी जुळत होता. माझ्या देखाव्याशी नाही.

खोलीत आपला तलाव बरोबर माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्याला मी नाड्यांनी बांधलं होतं.

मी रडले, हे सांगायला नको. रडताना तोंडातून काय काय निघालं, ते लिहिण्यासारखं नाही. फोटो ह्यांच्या डोळ्यांसमोर धरला, मग वाकळ धरली. म्हटलं, “मीच उलटा शिवला वो. तुमचं बराबर हाय. माह्यं चुकलं. ब्लाउज कापतो तसा कापला मी तलाव.” हे फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. कपाळाची आठी सुटताना मी पाहिली. सून धावत वाटी घेऊन आली. चमचा ओठाला लावला. किती वेळ गेला कोण जाणे. ओठ उघडले. अर्धा चमचा पेज आत गेली, अर्धी मानेत. मग दुसरा चमचा. सोमवारी डॉक्टरांनी नळी पिशवीतून काढली नाही.

हे पूर्ववत वगैरे झाले नाहीत. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणं सात-आठ महिन्यांनी परत आलं, तेही तुटक, एकेक शब्द ओला दोर विहिरीतून ओढावा तसा. गावी परत गेलो होतो. ओसरीत मी धान पाखडत होते. बरेच दिवस मनात होतं, ते तेव्हा विचारलं. म्हटलं, समजा माझं चुकलं, मी बांधलं, मी नाही नाही ते बोलले. पण त्यासाठी अन्न सोडायचं? इतका राग? मरायलाच निघाला होतात का तुम्ही?

ह्यांनी मान हलवली. मग शब्द जमवायला लागले. माझं सूप हातातच राहिलं.

“राग नाई. मले वाटलं... तुहंच डोकं फिरलं. आपली पाळ... नाई आठवून राह्यली तुले. मी असा पडलेला. मंग तुले... कोन पाहीन? ह्या घोरानं... घास नाई उतरे.”